स्वप्नात जागा

स्वप्न चालू असतानाच 'अरेच्चा, हे तर स्वप्न!' असं कळावं आणि पुढचा कारभार आपण हातात घ्यावा, ही विद्या शिकता येते म्हणे. म्हणे कसलं, सिद्धच झालंय. स्वप्नं पडतात त्या झोपेत अंग लुळं असतं, डोळे तेवढे फिरतात. म्हणून १९७५ साली इंग्लंडात हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या देखरेखीखाली झोपलेल्या ॲलन वर्स्ली या गृहस्थाने ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून स्वप्नातूनच 'पोचलो' अशी खूण केली. आडवं पडून गाजवायचा पराक्रम म्हटल्यावर मीही कंबर कसली.

पहिली अट, स्वप्नं आठवायला हवीत. उशाशी वही ठेवायची, जाग आली तरी डोळे उघडायचे नाहीत, कूस बदलायची नाही. हललात की स्वप्न पसार. त्यात स्वप्नांचे टप्पे साधारण ९० मिनिटांनी येतात आणि पहाटेकडे लांबत जातात. म्हणजे सगळा ऐवज पहाटेला. आणि पहाटेला आमच्याकडे दूधवाल्याची बेल, वरच्यांचा मिक्सर आणि "अहो, पाणी आलंय, मोटर लावा!" माझ्या वहीतली एक नोंद अशी: 'हत्ती. नंदामावशी. दोघंही लिफ्टमध्ये. मोटर.'

मग स्टॅनफर्डच्या स्टीफन लबर्ज यांची युक्ती केली. पाच-सहा तास झोपून उठायचं आणि 'आता स्वप्न पडलं की मला कळेल' असं घोकत पुन्हा झोपायचं. अंधारातून प्रश्न आला, "कोणाशी बोलताय?" नाव सांगितलं तर प्रकरण वाढलं असतं.

दिवसाही अभ्यास असतोच. अधूनमधून नाक दाबून श्वास घेऊन बघायचा; आला तर स्वप्न. हे मी बसमध्ये केलं. शेजारच्या बाईंनी गुपचूप सुकटीची पिशवी मांडीवरून उचलून पायाशी ठेवली. दुसरी खूण म्हणजे बोटं मोजणं. स्वप्नात ती भलतीच भरतात.

आणि एका पहाटे भरली! सोसायटीची वार्षिक सभा चालू होती, मी सवयीने हात बघितला तर बोटं सात. कळलं! आता खिडकीतून झेप घ्यावी, थेट हरिश्चंद्रगडावर उतरावं. पण विषयपत्रिकेवर पुढचाच विषय पार्किंगचा होता. म्हटलं, एवढं उरकून उडू. असा बोललो, असा बोललो, की चेअरमननी डोळे पुसले आणि जिन्याजवळची, सावलीतली जागा एकमताने माझ्या नावे झाली. इतिवृत्तावर सही करणार तोच मोटर.

या खेपेला मात्र हललो नाही. सगळं आठवून, ठरावाच्या शब्दांसकट वहीत उतरवलं आणि चहाबरोबर वही अभिमानाने पुढे केली.

बायकोने शेवटपर्यंत वाचलं. "उडता येत होतं," ती म्हणाली, "आणि तुम्ही पार्किंग मागत बसलात?"

"जिन्याजवळचं," मी म्हटलं.