गंजलेला नट आणि कोल्ड्रिंकची बाटली

‘जुन्या गाडीच्या गंजलेल्या नटावर कोला ओता, पाच मिनिटांत हाताने सुटेल,’ असा संदेश सध्या फिरतोय. त्यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं, ते वरवरचा गंज मऊ करतं. मात्र नट अडकतो तो आट्यांच्या आत, आणि तिथवर हे साखरपाणी फारसं पोचत नाही. मागे उरतो तो चिकटा, आणि धुतला नाही तर उरलेलं आम्ल.

बाहेर आलेले आटे आधी तारेच्या ब्रशने घासा. गंज सोडवणारं पातळ तेल मारा आणि रात्रभर मुरू द्या. हातोडीने हलक्या टिचक्या दिल्या की तेल आत उतरतं. सहाकोनी गोटी पाना (सॉकेट) लावा. बाराकोनी पाना कोपरे गोल करतो आणि मग खरी डोकेदुखी सुरू होते. आधी किंचित आवळा, मग सोडवा. तरीही हलला नाही तर तेल पुसून बोल्ट नव्हे, नट तापवा. तो फुगतो आणि गंजाची पकड तुटते. पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप किंवा रबर जवळ असेल तर आग अजिबात नको. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेला भाग तापवू नका, त्यातून विषारी फॉस्जीन वायू निघू शकतो.

आणि जोर लावण्याआधी आटे बघा. जुन्या विलीस जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट आट्यांचे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटणारे असत. ‘जाम झालाय’ म्हणत कित्येकांनी ते आणखी आवळलेत!