गाणं कुणाचं ते ठरलं, पण वाजवलं कुणी?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात परत तोच वाद पेटला, जुन्या गाण्यांचं खरं श्रेय गायकाचं की संगीतकाराचं. दादा ठाण्याहून, मामा नाशिकहून, दोन दिवस नुसती जुंपली होती. मी मध्येच विचारलं की त्या गाण्यातली बासरी कुणाची आहे, तर मामा म्हणाले, "अगं, त्याने काय फरक पडतो?" ते वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

मी न्यू जर्सीत आले तेव्हा जॅझ म्हणजे हॉटेलात जेवताना मागे वाजतं ते, एवढंच डोक्यात होतं. मग इथल्या लायब्ररीतून अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' आणला. 1959 सालचा आल्बम, दोन बैठकांत रेकॉर्ड झालेला, 2 मार्च आणि 22 एप्रिल. नाव माइल्सचं, पण आत सगळ्यांची नावं होती, जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली सॅक्सोफोनवर, पॉल चेंबर्स बासवर, म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर, जिमी कॉब ड्रम्सवर, पियानो बिल एव्हान्सचा आणि फक्त एका ट्रॅकवर विंटन केलीचा. एका ट्रॅकपुरता आलेला माणूससुद्धा वेगळा नोंदवलाय! माइल्सने या लोकांना बांधलेली चाल दिलीच नव्हती, कुठले सूर घ्यायचे त्याचे जुजबी आराखडे दिले, बाकी ज्याने त्याने तिथल्या तिथे रचायचं. राग ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पहिलाच ट्रॅक घ्या, 'सो व्हॉट'. त्यात बास प्रश्न विचारतो आणि बाकीचे दोनच सुरांत उत्तर देतात, आणि साधारण दीड मिनिटाला माइल्सचा सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, सुरू होतो त्याच क्षणी जिमी कॉब झांजेवर असा एक ठोका देतो की तो नाद माइल्सच्या पहिल्या सुरांखाली कितीतरी वेळ पसरत राहतो. तो ठोका काढून टाका, मग सांगा फरक पडतो की नाही.

दुसरा आल्बम कोल्ट्रेनचा, 'अ लव्ह सुप्रीम', 9 डिसेंबर 1964 ला इथेच न्यू जर्सीत, एंगलवूड क्लिफ्सच्या स्टुडिओत एका दिवसात झालेला. पियानो मॅकॉय टायनर, बास जिमी गॅरिसन, ड्रम्स एल्विन जोन्स. शेवटच्या भागात कोल्ट्रेन आपण देवासाठी लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर शब्दाशब्दाने वाजवतो, आणि ती कविता कव्हरवर छापलेली आहे. कव्हर हातात धरून ऐकलं तेव्हा मला सनईवर अभंग ऐकताना ओठ आपोआप हलतात तसं झालं, आणि डोळे भरून आले.

पण इथे सगळं आलबेल होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. 'काइंड ऑफ ब्लू'मधलं 'ब्लू इन ग्रीन' माइल्सच्या नावावर गेलं आणि ते माझं आहे असं बिल एव्हान्स सांगत राहिला. आणि आल्बम आल्याला दहा दिवससुद्धा झाले नव्हते, तर न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबबाहेर, जिथे त्याचाच कार्यक्रम चालू होता, पोलिसांनी माइल्सचं डोकं फोडलं. कव्हरवर नाव असलं म्हणून रस्त्यावर मान मिळत नव्हता.

आणि आपल्याकडे दाद द्यायची रीत नाही असंही नाही हं, बैठकीत तबलजी समेवर आला की अख्खी सभा "क्या बात है" म्हणते, जॅझ क्लबात सोलो संपल्यावर टाळ्या पडतात तशीच. आपलं चुकतं ते रेकॉर्डवर. आमच्याकडे कॅसेटींचा एक खोकाभर साठा होता, गायक, संगीतकार, गीतकार, कंपनी, सगळं छापलेलं, पण वाजवणाऱ्यांचं नाव क्वचितच कुठे.

आणि ही नावं काही परकी नव्हती. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र, त्यांच्या गाण्यांत जे ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, आणि जॅझचा झुलता ठेका, म्हणजे स्विंग, आहे त्यामागे चिक चॉकलेट होता, गोव्यातल्या हळदोण्याचा अँटोनिओ झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून नाव कमावलेला ट्रम्पेटवाला. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं अरेंजिंग करायचे, म्हणजे कुठल्या वाद्याने कुठे काय वाजवायचं ते बांधायचे. अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलालचे गुरू, पण लोकांना ते नाव फक्त सिनेमातल्या गाण्यातलं वाटतं, हा खराखुरा माणूस होता हे कित्येकांच्या गावीही नसतं. कोल्ट्रेनच्या ड्रमरचं नाव मला पाठ, आणि लहानपणापासून कानात बसलेल्या गाण्यातला ट्रम्पेट कुणाचा हे मला परदेशात आल्यावर शोधून काढावं लागलं, याचं खरंच वाईट वाटतं.

मामांना मी 'सो व्हॉट' पाठवलंय, आणि सांगितलंय की मामा, एकदा सगळं ऐका, मग एकदा नुसता बास ऐका, मग झांज. दादाला सांगितलंय की माळ्यावरचा तो कॅसेटचा खोका काढ आणि एकेका कव्हरचा आतून-बाहेरून फोटो पाठव, ज्या कुठल्या कोपऱ्यात वाजवणाऱ्याचं नाव सापडेल ते मी वहीत उतरवून घेतेय. आत्तापर्यंत अकरा कव्हरं आली, नावं दोन.