‘काझिम्येश’ म्हणजे शांती आणणारा? नाही

बाळांच्या पोलिश नावांची एक यादी सध्या फिरते आहे. त्यात ‘काझिम्येश’चा अर्थ ‘शांती प्रस्थापित करणारा’ असा दिला आहे. हा अर्थ चुकीचा आहे, किंबहुना जवळजवळ उलटा आहे.

नावाचे दोन भाग आहेत. ‘मिर’ म्हणजे शांतता, इथपर्यंत ठीक. पहिला भाग मात्र ‘काझिच’ या जुन्या क्रियापदातला: नासवणे, मोडणे. आजच्या पोलिशमध्येही ‘स्काझिच’ म्हणजे दूषित करणे. म्हणजे काझिम्येश हा शांतता मोडणारा. लढवय्यांच्या काळात मुलगा शत्रूची झोप उडवणारा निघावा, असं वाटणं स्वाभाविकच होतं. घोटाळा बहुधा ‘काझाच’मुळे (आज्ञा देणे) होतो, दिसायला सारखा, पण शब्द वेगळा.

म्हणून नाव टाळावं असं अजिबात नाही. 1364 मध्ये क्राकूवचं विद्यापीठ स्थापन करणारा राजा काझिम्येशच होता, आणि 4 मार्चला संत काझिम्येशचा सण असतो. लाडाने मुलाला ‘काझिक’ किंवा ‘काझ्यो’ म्हणतात, तेही किती गोड! शांतीचाच अर्थ हवा असेल तर ‘मिरोस्वाव’ बघा: शांतता आणि कीर्ती.

त्याच यादीत ‘स्वाव’ हा शब्द संस्कृतमधून पोलंडला गेला असंही लिहिलं आहे. ‘स्वाव’ ज्यातून आला तो पोलिश ‘स्वावा’ आणि आपलं संस्कृत ‘श्रवस्’ (दोन्हींचा अर्थ कीर्ती) यांचं नातं खरं आहे, पण ते भावंडांचं. दोन्ही शब्द एकाच प्राचीन मूळ भाषेतून आले आहेत.