थंडी पुण्याची, जॅकेट आल्प्सचं

नोव्हेंबर संपत आला की सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज न चुकता उगवतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला, त्यात एकदा मावशीकडून, काळजीपोटी. ‘हिवाळी राइड : स्वस्तातली थंडी महागात पडते’ असं त्याचं शीर्षक. म्हणणं थोडक्यात असं : साध्या कपड्यांत पहाटे सायकल चालवली की छातीत थंडी भरते आणि न्यूमोनिया होतो. म्हणून चांगल्या कंपनीचं पंधरा-वीस हजारांचं विंटर जॅकेट हवंच. ते वारा अडवतं, पाणी अडवतं आणि घामही बाहेर टाकतं. आत सुती बनियन घाला, म्हणजे घाम टिपला जाईल. युरोपात सगळे असेच कपडे घालतात. आणि एकदा पैसे घातले की दहा वर्षं बघायला नको.

मी अकरा वर्षं पुण्यात सायकल चालवते आहे आणि असलं एक जॅकेट घेऊन पस्तावलेलीही आहे. तेव्हा उत्तर द्यायचा थोडा हक्क मला पोचतो.

न्यूमोनियाचं आधी उरकते. तो जंतूंमुळे, विषाणूंमुळे होतो, हाफ बाह्यांच्या जर्सीमुळे नाही. थंड कोरडी हवा जोरजोरात आत ओढली की दमेकऱ्यांना खोकला येतो, छाती आवळते, हे खरं. पण त्यावर इलाज म्हणजे नाकावरून बांधलेला रुमाल आणि डॉक्टरांनी दिलेला पंप. मावशीला एवढंच कळवलं.

आता वारा. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. हवा १० अंशांवर असताना ताशी २५ किलोमीटरने गेलात, तर विंडचिलच्या (वाऱ्यामुळे हवा किती गार लागते, ते काढायच्या) सूत्राप्रमाणे उघड्या कातडीला ती ७ अंशांसारखी लागते. घाट उतरताना ५० चा वेग धरलात तर साडेपाचसारखी. वारा अडवायलाच हवा, वाद नाही. पण तो अडवायला कापड घट्ट विणीचं असलं की पुरतं, मग ते आठशेचं विंडचीटर का असेना. आजीने विणलेला जाडजूड स्वेटर मात्र इथे हरतो, कारण वारा त्याच्या विणीतून आरपार जातो. आणि वारा लागतो तो समोरून. पाठीला काय करायचंय दुहेरी अस्तर?

मेसेज लिहिणाऱ्याने एक गोष्ट हिशेबातच धरलेली नाही : सायकल चालवणारा माणूस म्हणजे चालतीबोलती शेगडी असतो. खाल्लेल्या अन्नातली वीस-पंचवीस टक्के ऊर्जा पॅडलला लागते, बाकीची उष्णता होते. पॅडलवर १०० वॅट देत असाल तर अंगातून ३००-४०० वॅट उष्णता निघते, म्हणजे खोलीतला छोटा हीटर एका कांडीवर लावावा तितकी. त्यावर जाड जॅकेट चढवलं की काय होतं, ते मी पसरणी घाटात पाहिलंय.

जानेवारी होता. गाडीवर सायकली लादून आम्ही वाईला गेलो आणि साडेसहाला पाचगणीकडे चढायला लागलो. अंगात नवंकोरं, नऊ हजारांचं जॅकेट. दुकानदाराने ‘मॅडम, हे श्वास घेतं’ असं सांगून दिलेलं. पहिल्या दोन वळणांत मी खूश होते. पाचव्या-सहाव्या वळणावर गळ्यापाशी चेन उघडली, मग पोटापर्यंत. वर पोचून हात खाली सोडले, तर मनगटापाशी साठलेला घाम बाहीतून टपटप रस्त्यावर पडला. खरोखर टपटप, नळाची वायसर गेल्यासारखा. चहा होईपर्यंत सगळं गार पडलं आणि तोच ओला गोळा अंगावर घेऊन उतरायचं होतं. माझे दात वाजताना बघून टपरीवाले मामा काही बोलले नाहीत, भज्यांसाठी ठेवलेल्या रद्दीतून कालच्या पेपरची चार पानं काढून दिली. जॅकेट पिशवीत कोंबलं, पानं जर्सीच्या आत छातीवर सारली आणि कोरडी उतरले. खाली आले तेव्हा छोट्या जाहिरातींचं अख्खं पान पोटावर उलटं छापलेलं होतं. ही काही मामांची नवी युक्ती नव्हे. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचे खेळाडू घाटमाथ्यावर प्रेक्षकांकडून पेपर घेऊन जर्सीत सारत, हे जुन्या फोटोंत दिसतं.

मग ‘श्वास घेणाऱ्या’ कापडाचं काय? ते खोटं नाही, पण त्याला अटी आहेत. त्या कापडात एक पातळ पडदा असतो, त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा फार लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा मोठी असतात. वाफ आपोआप बाहेर जात नाही, आत दमट आणि बाहेर कोरडं असा फरक असेल तरच जाते, आणि तीही ठरावीक वेगाने. चढावर घाम बहुतेकदा त्याहून वेगाने येतो. आपल्या पावसाळ्यात तर बाहेरची हवाच ओलीचिंब. तेव्हा त्यात माणूस इडलीसारखा उकडतो.

हे जॅकेट कामाचं कुठे, तेही सांगायला हवं. २०१३ सालची इटलीतली मिलान–सान रेमो सायकल शर्यत आठवा. मार्च महिना, पाऊस, मग बर्फ. शर्यत मध्येच थांबवून खेळाडूंना बसमध्ये बसवून पुढे न्यावं लागलं. त्या दिवशी कित्येकांनी आपल्या संघाच्या प्रायोजकाचे कपडे सोडून कास्तेल्ली कंपनीची गाबा ही जर्सी घातली होती, वरचं नाव काळ्या मार्करने झाकून! पोटापाण्यासाठी सायकल चालवणारी माणसं करार धाब्यावर बसवतात तेव्हा वस्तूत दम असणारच. पण ती थंडी पावसाची होती. पुण्याच्या थंडीत पाऊस नसतो, आणि दहा वाजता अंगावर ऊन असतं.

म्हणून हिशेब तासांचा करावा. अठरा हजारांचं जॅकेट, पुण्यात आठ आठवडे, आठवड्यात तीन राइड, दर वेळी उजाडेपर्यंतचा एक तास. वर्षाला २४ तास, पाच वर्षांत १२०. तासाला दीडशे रुपये पडले. माझा मावसभाऊ मँचेस्टरला असतो, सहा महिने पाच-सहा अंशांच्या भुरभुर पावसात आठवड्यातले पाच दिवस कामावर जाण्या-येण्यात तासभर घालवतो. त्याला तेच जॅकेट तासाला अठ्ठावीस रुपयांनी पडतं. त्याने घ्यावं, आणि त्याने घेतलंही आहे.

सुती बनियनचा सल्ला मात्र सरळ चुकीचा आहे, आणि मेसेजमधला सगळ्यात जास्त पाळला जाणाराही तोच. सूत घाम टिपतं हे खरं, पण टिपून धरून ठेवतं. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणजे ओलं बनियन तुम्हाला उतारावर गार करायचं कामच करतं. त्यापेक्षा पॉलिएस्टरची पातळ बनियन बरी, अडीच-तीनशेला मिळते. लोकर त्याहून बरी. आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पिऊनही ती अंगाला फारशी ओली लागत नाही. माळावर पावसात मेंढरांमागे उभ्या असलेल्या धनगराला हे कुणी शिकवावं लागलं नाही. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी तो पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरून घेत आलाय. (घोंगडीत सायकल चालवा असं मी म्हणत नाहीये. चाकात अडकेल.)

‘युरोपात सगळे’ म्हणजे नेमके कोण? शर्यतवाले आणि रविवारचे हौशी. हॉलंडमध्ये रोज सायकलवर जाणारी माणसं साध्या कोटात जातात. फिनलंडमधलं औलू शहर तर जवळपास ६५ अक्षांशावर, आणि तिथली पोरं बर्फातून सायकलने शाळेत जातात. अंगात तेच, जे एरवी शाळेत चालत जाताना असतं. त्यांचा जीव वाचवतात ते रस्ते, पहाटे बर्फ झाडून ठेवलेले.

मेसेजमध्ये जे हवं होतं ते मात्र नाहीच : हात. पाय राबतात म्हणून तापतात, हात नुसते वाऱ्यात धरलेले असतात, आणि गारठ्यात शरीर आधी बोटांचंच रक्त आवरतं. बोटं बधिरली की ब्रेक दाबलाय की नाही तेही कळत नाही. १९८८ च्या जिरो द’इतालिया या इटलीतल्या शर्यतीमध्ये, ५ जूनला, गाविया घाटात हिमवादळ आलं. योहान व्हान डर व्हेल्डे हा डच खेळाडू हाफ बाह्यांत, हातमोज्यांविना सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचला आणि उतारावर पाऊण तासाहून जास्त मागे पडला. अँडी हॅम्पस्टन या अमेरिकन खेळाडूच्या संघाने मात्र आधीच दुकानांत जाऊन स्कीइंगचे हातमोजे-टोप्या घेऊन ठेवल्या होत्या. त्याने त्या दिवशी आघाडीवरच्या खेळाडूची गुलाबी जर्सी मिळवली आणि ती शेवटपर्यंत टिकवली. सायकलचे खास कपडे नव्हतेच ते. तेव्हा पैसे घालायचेच असतील तर पूर्ण बोटांच्या, वारा अडवणाऱ्या हातमोज्यांत घाला. मग बिनबाह्यांचं विंडचीटर, घडी करून खिशात बसेल असं. आणि काढता येणाऱ्या सुट्या बाह्या. तिन्ही मिळून दोन-अडीच हजारांत भागतं. घरून निघताना पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजायलाच हवी. वाजली नाही तर कपडे जास्त झालेत.

राहिली दहा वर्षं. पाणी घरंगळावं म्हणून या जॅकेटांवर बाहेरून लेप असतो. तो धुण्याने, घासण्याने जातो. मग बाहेरचं कापड भिजतं आणि वाफेची वाट बंद होते. कपडे मऊ करायचं द्रावण बादलीत पडलं की आणखी लवकर. इलॅस्टिक तर उन्हात वाळवूनच सैल होतं.

माझं ते नऊ हजारांचं जॅकेट अजून घरात आहे. बाबा पहाटे दूध आणायला जाताना घालतात. कोपऱ्यापर्यंत चालत जायचं असल्यामुळे त्यांना घाम येत नाही. फार उबदार आहे म्हणतात.