शेरी पिंपातील माल्टला गुण देताना घ्यावयाची काळजी

सर्वप्रथम परवाना काढून घ्यावा. आपल्या राज्यात दारूबंदीचा 1949 चा कायदा आजही लागू असून, विदेशी मद्य पिण्याचा परवाना त्याच कायद्याखाली, आरोग्याच्या रक्षणासाठी म्हणून, पंचवीस वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीस दिला जातो. तेव्हा गंगापूर रोडवरील एखाद्या गच्चीवर पेला नाकाशी धरून, डोळे मिटून, ‘फिनिश, म्हणजे घोटानंतर रेंगाळणारी चव, जरा आखूड आहे’ असे म्हणणारा सद्गृहस्थ कायद्याच्या दृष्टीने केवळ प्रकृतीची काळजी घेत असतो, हे त्याच्या घरच्यांनी समजून घ्यावे.

वाईनविषयी बोलून नाशकात आता कोणावर छाप पडत नाही, कारण ती येथे बनते आणि पिकते तेथे विकत नाही. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून, शेरी नावाच्या स्पॅनिश द्राक्षमद्याने भिजलेल्या लाकडात मुरलेल्या, बार्लीच्या मद्याविषयी, म्हणजे माल्ट व्हिस्कीविषयी बोलणे हाच प्रतिष्ठेचा मार्ग उरला आहे.

बाटली शक्यतो दुसऱ्याची असावी. परदेशातून परतणाऱ्या प्रवाशास दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येते, आणि भाचा किंवा जावई या सवलतीचा लाभ घेऊन आला असेल तर गुणांची सुरुवात नव्वदच्या पुढूनच करणे शिष्टाचारास धरून होईल. बाटली उघडण्यापूर्वी लेबल नीट वाचावे, कारण अर्धेअधिक गुण तेथेच ठरतात. स्पेसाइड (हा स्कॉटलंडचा व्हिस्कीसाठी नावाजलेला प्रदेश), अठरा वर्षे, ओलोरोसो (हा शेरीचा एक गडद प्रकार) हे तीन शब्द एकाच लेबलावर आढळल्यास जीभ ही केवळ औपचारिकता राहते. बाटली कापडात गुंडाळून चाखण्याचा प्रस्ताव एखाद्या अतिउत्साही मित्राने मांडलाच, तर तो खेळीमेळीत पण ठामपणे फेटाळावा. अशा प्रयोगात बंगळुरूच्या अमृतला किंवा गोव्याच्या पॉल जॉनला स्कॉटलंडपेक्षा अधिक गुण मिळून बसण्याचा धोका असतो आणि मग त्या गुणांचे काय करायचे, हे कोणालाच सुचत नाही. भारतीय माल्टच्या लेबलावर बहुधा वय छापलेले नसते, ही पळवाट मात्र ध्यानात ठेवावी. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते, तर बंगळुरूच्या उष्ण हवेत दहा टक्क्यांहून अधिक, त्यामुळे तेथे पिंप अठरा वर्षे ठेवल्यास तळाशी फारसे काही उरणार नाही, असा खुलासा कोणी करू लागल्यास त्याला चकण्याची बशी पुढे करावी.

त्यानंतर पेला दिव्यासमोर धरून रंगाची स्तुती करावी. गडद तांबूस रंग पाहताच ‘अस्सल शेरी!’ असे उद्गार निघाले पाहिजेत. स्कॉच व्हिस्कीत कॅरॅमलचा रंग मिसळण्यास कायद्याने मुभा आहे, ही माहिती या प्रसंगी उच्चारणे म्हणजे लग्नात नवरीच्या मेकअपचा हिशेब विचारणे होय.

आता मुख्य विषय, म्हणजे पिंप. पूर्वी शेरी पिंपांत भरून जहाजाने ब्रिटनला जात असे आणि रिकामी झालेली पिंपे व्हिस्कीवाले स्वस्तात उचलत. 1980च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करणे सक्तीचे झाले आणि हा पुरवठा आटला. हल्ली स्पेनमधील, शेरी जेथे बनते त्या हेरेझ परिसरातील कारागिरांकडून नवी पिंपे घडवून घेतात, त्यांत वर्ष-दोन वर्षे शेरी भरून ठेवतात, लाकूड पुरेसे भिजले की शेरी ओतून काढतात आणि पिंपे स्कॉटलंडला रवाना करतात. ही शेरी पिण्यासाठी नसतेच. पुष्कळदा तिचे व्हिनेगर होते. ज्या पिंपांत खरोखर पिण्याची शेरी पिढ्यानपिढ्या मुरते, ती पिंपे मालक सहसा विकत नाहीत, आणि विकली तरी त्यांच्या जुन्या लाकडात देण्यासारखे फारसे उरलेले नसते. याचा अर्थ असा, की आपण ज्या शेरीच्या छटेवर पाव तास बोलणार आहात, ती व्हिस्कीला नटवण्यासाठीच भरलेली होती. हे कळूनही आपला आवाज कापता कामा नये. स्वतः शेरी चाखून पाहण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. न चाखलेल्या वस्तूची चव ओळखण्यात जो आत्मविश्वास असतो, तो चाखल्यावर टिकत नाही.

वर्णनासाठी ख्रिसमस केक, सेव्हिलची संत्री, जुने चामडे आणि म्हाताऱ्या उमरावाच्या ग्रंथालयाचा वास एवढी सामग्री पुरते. साधा मनुका मात्र तोंडातून जाऊ देऊ नये. पेद्रो हिमेनेझ जातीची द्राक्षे तोडणीनंतर उन्हात पसरून वाळवतात आणि मगच त्यांची गोड शेरी करतात, त्यामुळे त्या पिंपातील व्हिस्कीला मनुक्यांचा वास येणे अगदी स्वाभाविक असले, तरी जी गोष्ट पिंपळगावच्या बाजारात किलोवर मिळते, तिला नव्वदच्या वर गुण कसे द्यायचे?

गुणांकन एकूण शंभरांचे असते. नाक, जीभ, फिनिश आणि समतोल यांना प्रत्येकी पंचवीस, अशी एक रूढ विभागणी आहे. आधी बेरीज ठरवावी आणि मग ती या चार रकान्यांत वाटून टाकावी. ऐंशीच्या खालचे गुण देण्याची प्रथा जवळजवळ नाहीच, म्हणजे शंभरांपैकी ऐंशी हजेरीचे, असे समजण्यास हरकत नाही. समतोलाचा रकाना नेमके काय मोजतो हे कोणी सांगत नसल्यामुळे, बेरीज जुळवण्यासाठी तोच सर्वांत उपयुक्त ठरतो.

एवढी तयारी करूनही बैठक एका माणसामुळे उधळू शकते, आणि तो म्हणजे निफाडहून आलेले काका. त्यांची द्राक्षबाग असते, लेबल वाचण्याची त्यांना घाई नसते, आणि पेला नाकाजवळ नेताच ते भुवई उंचावून म्हणतात, “अरे, याला तर द्राक्षांच्या भुरी रोगावर धुरळणी केल्यासारखा गंधकाचा वास येतोय.” बैठकीत अशा वेळी पसरणारी शांतता फार वाईट असते, कारण काका बरोबर असतात. रिकामी पिंपे नासू नयेत म्हणून त्यांत गंधक जाळण्याची जुनी चाल होती, आणि त्याचा अंश लाकडात राहिला तर विझलेल्या काडीचा किंवा रबराचा वास व्हिस्कीत उतरतो. तो सर्वांच्या नाकाला सारखा जाणवत नाही, हे खरे. परंतु ज्यांनी जन्मभर बागेत गंधक फवारले, त्यांचे नाक त्या कामी एखाद्या परीक्षकापेक्षा तयार असते.

अशा वेळी गडबडून न जाता आपण काकांकडे कौतुकाने पाहावे आणि ‘अगदी बरोबर पकडलेत, हीच तर या पिंपाची नजाकत!’ असे म्हणावे. मग वहीत ‘नुकत्याच विझलेल्या काडीची धीट, धुरकट छटा’ अशी नोंद करून, समतोलाच्या रकान्यात दोन गुण वाढवावेत. काका दुसरा पेग नको म्हणून साधी बियर मागतील. ती त्यांना द्यावी, आणि पुढील बैठक कोणत्या दिवशी आहे हे त्यांच्या कानावर जाणार नाही, याची व्यवस्था करावी.