‘फ्रेजल व्हर्बना तर्क नसतो, पाठ करा’ हा सल्ला पोरांना देऊ नका

भरतीच्या जाहिराती निघाल्या की लातूर, नांदेड, परभणीकडच्या अभ्यासिकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: इंग्रजीतल्या फ्रेजल व्हर्बना (क्रियापदाला ‘आउट’, ‘ऑफ’सारखा छोटा शब्द जोडून होणाऱ्या ‘गो आउट’सारख्या जोड्यांना) काही तर्क नसतो, यादी घ्या आणि घोका. ‘आउट’, ‘ऑफ’, ‘फ्रॉम’ या सगळ्यांचा अर्थ ‘बाहेर’च. मराठीत हा प्रकारच नाही, म्हणून मराठी माध्यमाच्या पोरांचं इथं अडतं. तेव्हा मराठीत विचार करणं बंद करा. आणि नाहीच जमलं तर ‘एक्झिट’, ‘डिपार्ट’ असे भारदस्त शब्द ठोकून द्या.

मी मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी शिकवते. यातला एकही दावा खरा नाही, आणि तिसरा तर पोरांना त्यांच्याच भाषेची लाज वाटायला लावणारा आहे.

आधी तर्काचं बघू. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी लातुरात पोचली. ही बातमी इंग्रजीत सांगून बघा. मिरज स्टेशनातून गाडी हलली: ‘द ट्रेन पुल्ड आउट ऑफ मिरज’. शिवारातली ओल गेली: ‘द सॉइल ड्राइड आउट’. शहरातलं पाणी संपलं: ‘लातूर रॅन आउट ऑफ वॉटर’. पहिल्या वाक्यात गाडी डोळ्यांदेखत बाहेर पडते. दुसऱ्यात ओल मातीतून बाहेर जाते, फक्त ती जाताना दिसत नाही. तिसऱ्यात साठ्यातलं सगळं बाहेर गेलं आणि आत काही उरलं नाही. म्हणजे ‘बाहेर’पासून ‘संपलं’पर्यंतची वाट सलग आहे. ती एकदा पोरांना दाखवली की ‘सोल्ड आउट’, ‘वेअर आउट’, ‘टायर्ड आउट’ यांसाठी वेगळी यादी लागत नाही.

यावर हटकून विचारलं जातं: रात्री लाइट गेली की ‘द लाइट्स वेन्ट आउट’, आणि त्याच अंधारात चांदण्या दिसायला लागल्या की ‘द स्टार्स केम आउट’. एकच ‘आउट’ विझायलाही आणि उगवायलाही, मग तर्क कुठाय? तर्क बघणारा कुठं उभा आहे यात आहे. उजेड आपल्या टप्प्यात होता, तो टप्प्याबाहेर गेला, म्हणून ‘गो’. चांदण्या दडलेल्या होत्या, त्या आडोशाबाहेर आपल्यासमोर आल्या, म्हणून ‘कम’. आपणही लाइट ‘गेली’ म्हणतो आणि चांदण्या ‘आल्या’ म्हणतो.

वेरूळचं कैलास लेणं तर जागचं हललेलंही नाही. वरून खाली एकाच कातळात कोरत आणलेलं ते देऊळ इंग्रजीत ‘कार्व्ड आउट ऑफ द रॉक’ असतं, कारण ते खडकाच्या पोटात होतं आणि भोवतीचा दगड काढल्यावर बाहेर आलं. मराठीतही आपण ‘खडकातून कोरून काढलं’ असंच म्हणतो.

घोकावे लागतात असे थोडे आहेतच. ‘फॉल आउट’ म्हणजे बिनसणं, हे नुसत्या विचारानं सुचणार नाही. पण त्या मूठभरांसाठी सगळ्यांनाच अतर्क्य ठरवणं हा आळस आहे.

‘आउट’, ‘ऑफ’, ‘फ्रॉम’ एकच, हा दुसरा दावा. तो मोटारसायकलवरून पडला आणि तो जीपमधून पडला, यातला फरक कळत नाही असं पोरगं मला उभ्या मराठवाड्यात दाखवा. पहिला ‘फेल ऑफ द मोटरसायकल’, दुसरा ‘फेल आउट ऑफ द जीप’. पृष्ठभागावरून सुटलं तर ‘ऑफ’, पोकळीतून निघालं तर ‘आउट ऑफ’, नुसतं निघण्याचं ठिकाण सांगायचं तर ‘फ्रॉम’. आपले ‘-वरून’, ‘-तून’ आणि ‘-हून’ हेच काम करतात. खाचखळगे आहेत, ते सांगायलाच हवेत. एसटीतून उतरणं ‘गेट ऑफ द बस’ होतं, पण रिक्षातून उतरणं ‘गेट आउट ऑफ द रिक्षा’. कारण बसमध्ये, रेल्वेत चढणं इंग्रजीत ‘गेट ऑन’ असतं, आणि ‘ऑन’ची उलट बाजू ‘ऑफ’. दुसरा खड्डा ‘लीव्ह’चा. ‘आय लेफ्ट नांदेड’ म्हणजे नांदेड सोडलं. नांदेडला निघालो असं म्हणायचं असेल तर ‘आय लेफ्ट फॉर नांदेड’. इथं एक ‘फॉर’ गळाला की माणूस उलट्या दिशेला जातो.

आता तिसरा, मराठीत असं काही नाही म्हणणारा. शोधून काढ: ‘फाइंड आउट’. लिहून काढ: ‘राइट आउट’. वेचून काढ: ‘पिक आउट’. हाकलून काढ: ‘ड्राइव्ह आउट’. ‘काढणं’ म्हणजे मुळात बाहेर आणणं, आणि दुसऱ्या क्रियापदामागे लागलं की ते काम तडीस गेल्याचं सांगतं. ‘आउट’ बऱ्याचदा तेच करतं. ‘निघणं’ही घ्या. जीआर निघाला: ‘द जीआर केम आउट’. बातमी खोटी निघाली: ‘द न्यूज टर्न्ड आउट टू बी फॉल्स’. बांधावर गुरं वळताना ‘भाईर हाकलून काढ’ म्हणणाऱ्या पोराकडे ही सगळी सामग्री आधीपासून आहे. त्याला मराठीत विचार करू नको म्हणणं म्हणजे हातातलं अवजार हिसकावून घेणं.

फरक आहे, पण तो मांडणीचा आहे. लिओनार्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं भाषांची एक विभागणी केली, ती हालचालीची दिशा वाक्यात कुठं बसते यावरून. इंग्रजीत दिशा ‘आउट’सारख्या जोडशब्दात जाते आणि क्रियापद चालीची तऱ्हा सांगायला मोकळं राहतं. स्पॅनिशमध्ये दिशा क्रियापदातच असते आणि तऱ्हा वेगळी सांगावी लागते. मराठीची ठेवण बरीचशी दुसऱ्या प्रकारची: ‘निघाला’, ‘शिरला’, ‘उतरला’. म्हणून आपण ‘लंगडत बाहेर आला’ म्हणतो आणि पोरं ‘ही केम आउट लिम्पिंग’ लिहितात. ते चूक नाही, पण इंग्रज सहज ‘ही लिम्प्ड आउट’ म्हणेल. मराठी वाक्य फळ्यावर लिहायचं, ‘लंगडत’ उचलून क्रियापदाच्या जागी ठेवायचं, ‘बाहेर’चं ‘आउट’ करायचं. ‘रांगत बाहेर आलं’चं ‘क्रॉल्ड आउट’, ‘गुपचूप बाहेर सटकला’चं ‘स्लिप्ड आउट’. ही युक्ती मराठीतूनच शिकवता येते.

राहिला भारदस्त शब्दांचा. ‘एक्झिट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘एक्स्पेल’ यांतला ‘एक्स’ हा लॅटिनमधला ‘बाहेर’च, जसा ‘निर्यात’, ‘निर्गमन’मधला आपला ‘निर्’. त्यानं वाक्य आपोआप वजनदार होत नाही. पोलिसांच्या तपासाची गंभीर इंग्रजी बातमीही ‘कॅरीड आउट अ‍ॅन इन्व्हेस्टिगेशन’ असंच लिहिते. मुलाखतीत घरातून सहाला निघालो हे सांगताना ‘आय डिपार्टेड फ्रॉम माय होम’ म्हणणाऱ्या पोराला समोरचा समजून घेईल, पण ‘आय लेफ्ट होम अ‍ॅट सिक्स’ जास्त स्वाभाविक आहे आणि सोपंही.