चौदा पूर्ण, झगा बंद

लेकीचा वाढदिवस तीन ऑक्टोबरला आणि आमची ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायची विमानाची तिकिटं अकरा ऑक्टोबरची, या मधल्या आठ दिवसांनी आमचा घात केला.

झालं असं की जुलैत सेल लागला होता तेव्हा मी तिच्यासाठी एक झगा घेऊन ठेवला होता, पिवळा स्कर्ट, निळी चोळी, फुगे बाह्या, पाठीमागे उभी पांढरी कॉलर, म्हणजे पूर्ण स्नो व्हाइट. तो तीन महिने कपाटात हँगरला लटकला होता आणि निघायच्या आदल्या रात्री अकरा वाजता, मी बॅगेत भाकरवडी कुठे कोंबू या विचारात असताना, लेक फोन घेऊन आली आणि म्हणाली, आई, मी इल्लीगल आहे.

डिस्ने वर्ल्डचा नियम असा की चौदा आणि त्यापुढच्या माणसाने एरवीच्या दिवशी वेष करून पार्कात यायचं नाही. तेरापर्यंत खुशाल या, फक्त मास्कने अख्खा चेहरा झाकायचा नाही, डोळे दिसले पाहिजेत. बरं, हीच पोरगी तिकीट काढताना चार वर्षांपूर्वीच मोठी झालेली, कारण तिथे तीन ते नऊ लहान मुलांचं तिकीट आणि दहाव्या वर्षापासून मोठ्यांचं. छोट्या मुलींना नटवून राजकन्या करायचं तिथलं जे पार्लर आहे ते घेतं तीन ते बारा. म्हणजे खिशाच्या हिशोबाने दहाला मोठी, पार्लरच्या हिशोबाने तेराला आणि झग्याच्या हिशोबाने चौदाला. घरी भांडी घासायची वेळ आली की अजून लहानच, ते वेगळं.

सासूबाई वाईहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत आल्यात. त्या सोफ्यावर वाती वळत बसल्या होत्या. त्यांना सगळं समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "मग तेरा सांगायचं. कोण जन्मदाखला बघतंय?"

आता यावर मी काय बोलणार, मी स्वतः एसटीच्या हाफ तिकिटावर दीड वर्ष जास्तीचं अकराची राहिलेली बाई आहे. बारा पूर्ण झाली की फुल तिकीट, त्यामुळे कंडक्टर जवळ आला की बाबा मला खांदे पाडून बस म्हणायचे आणि मी सातवीचं पुस्तक दप्तरात ढकलून चेहरा भोळा करायचे. पण माझी उंची होती चार फूट आठ इंच आणि आमची लेक आहे पाच फूट सात. तिने खांदे पाडले तरी ती माझ्यापेक्षा उंचच दिसते. शिवाय तिचं तत्त्व आडवं आलं. वर्षभर "आय ॲम ऑलमोस्ट फोर्टीन" म्हणून फोन, स्लीपओव्हर आणि काजळ वसूल करून घेतलेल्या मुलीला आता तेरा कसं सांगायचं हो.

हे चालू असताना नवरा एकदम गप्प होता. इतका गप्प की मला तिथेच संशय यायला हवा होता. पाच मिनिटांनी तो बाथरूममधून बाहेर आला तो पायघोळ तपकिरी झगा, डोक्यावर टोपडं आणि हातात निळी पेटणारी प्लास्टिकची तलवार घेऊन. वय वर्षे सत्तेचाळीस. त्याने हे गुपचूप मागवलं होतं, स्टार वॉर्स सिनेमातला जेडाय म्हणे. सासूबाईंनी वर बघितलं आणि विचारलं, "आंघोळ केलीस का रे एवढ्या रात्री?"

मग त्याने लॅपटॉप उघडून पळवाट शोधायला घेतली, ऑफिसच्या कामात कधी एवढं लक्ष घातलेलं मी बघितलं नाही. पळवाट होतीसुद्धा. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत ठराविक रात्री तिथल्या मॅजिक किंग्डम या पार्कात हॅलोविनची पार्टी असते, तिचं वेगळं तिकीट, आणि त्या रात्री मोठ्यांनाही वेष चालतो. म्हणजे वेगळे पैसे भरले की वय माफ, आपल्याकडच्या लेट फीसारखं. पण आमच्या तारखांच्या पार्टीची तिकिटं संपली होती, आणि मिळाली असती तरी तिथेही कपडा जमिनीवर लोळता कामा नये आणि पाठीवर सोडायची केप कमरेच्या खाली नको. याचा झगा घोट्याच्या खाली. तलवार तेवढी चालत होती, ती त्याने मुकाट्याने बॅगेत भरली.

खरं सांगू, मला तो नियम पटला. चार वर्षांच्या पोराला समोरचा माणूस पार्कचा की पुण्याहून आलेला हे कसं कळणार, ते जाऊन मिठी मारणार, फोटो मागणार, आणि हा माझा नवरा त्यात रंगून जाणार हे मला शंभर टक्के माहीत आहे. गॅदरिंगमध्ये भाजीवाला झालेला माणूस आहे तो, अजून सांगतो की दोन खऱ्या बायकांनी मेथीचा भाव विचारला होता. तशी आपल्याला वेषाला वय असतं ही कल्पनाच नवीन, वासुदेव मोरपिसांची टोपी घालून येतो त्याला कोणी वय विचारत नाही, बहुरूपी तर इन्स्पेक्टर होऊन दारात उभा राहायचा आणि आमची आजी घाबरून वर पैसेही द्यायची.

लेकीनेच शेवटी तोड काढली. याला डिस्नेबाउंडिंग म्हणतात, म्हणजे झगा नाही घालायचा, साधेच कपडे पण त्या पात्राच्या रंगात. निळा टॉप, पिवळा स्कर्ट, केसात लाल रिबन. सासूबाई म्हणाल्या, "याला आमच्यात मॅचिंग म्हणतात."

विमानात बसल्यावर माझ्या डोक्यात आलं, आई, म्हणजे सासूबाई, नऊवारी नेसणार.

त्या कायमच नऊवारी नेसतात, शहात्तर वर्षांच्या आहेत, पंजाबी ड्रेसचा विषय काढायची आमची हिंमत नाही. म्हटलं गेटवर कोणी वेष समजलं तर? हॉटेलवर नवऱ्याने आईला उभं करून नियम ताडून बघितले. जमिनीवर लोळते? नाही, काष्टा आहे, घोट्याच्या वर. चेहरा झाकतो? नाही. केप? इथे गाडी अडली, कारण पदर मागे सोडला की कमरेच्या खाली जातो. "मग खोचते की," असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि विषय संपला. पाळण्यात चढायला-उतरायला त्या पार्कात नऊवारीइतका सोयीचा पोशाख दुसरा नव्हता, मी माझ्या स्कर्टात तीनदा अडकले.

पार्किंगपासून पुढे फेरीबोट असते. आई कठड्याला धरून म्हणाल्या, मांडव्याला चाललोय असं वाटतंय, फक्त सीगल कमी आहेत. गेटवर तिकीट तपासणाऱ्या बाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आमच्या तिघांचा श्वास अडकला, ती म्हणाली "ब्युटिफुल" आणि हाताने पुढे जा केलं.

आत गेल्यावर आमच्या मॅचिंगवाल्या स्नो व्हाइटकडे कोणी ढुंकून बघेना. नवरा तलवार पेटवत आणि विझवत चालला होता, त्याच्याकडेही नाही. किल्ल्यासमोर आई बाकावर बसल्या, नथ घातलेली, जांभळी इरकल, पाय चेपत. पाचेक वर्षांची एक मुलगी येऊन समोर उभी राहिली, आधी बराच वेळ नुसती बघत, मग तिने वही आणि जाडं पेन पुढे केलं.

नियमात हेही आहे की वेष केलेल्या पाहुण्याने फोटोला उभं राहायचं नाही आणि सह्या द्यायच्या नाहीत. नवरा घाईघाईने कुजबुजला, "अगं आई, सही नको करूस, चालत नाही."

"वेष केलेल्यांना ना?" आई चष्मा काढत म्हणाल्या. "हे माझे कपडे आहेत."

आणि त्यांनी वही मांडीवर घेतली, बँकेत करतात तशी सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली. त्या मुलीकडे आता मिकी आहे, सिंड्रेला आहे, आणि पुढच्या पानावर खाली दोन रेघा मारून मु. पो. वाई, जि. सातारा.